डाव्या कानाची वाटणी

जळोचीच्या रस्त्यावर एक मिस्त्री पाण्याच्या मोटारी दुरुस्त करतात. मोटर सुरू झाली की तिला उजवा कान लावतात, कारण डावा आधीच वाजत असतो. "आत रातकिडा हाय," असं ते घरातल्या माणसाची ओळख करून द्यावी तसं सांगतात.

बारामतीचे डॉक्टर त्यांना म्हणाले, हे कधीकधी घराण्यातून येतं. दुसरा कुणी घाबरला असता. हे तडक चुलतभावाकडं गेले. बांधावरून दोघांची केस चालू आहे, दहा वर्षं बोलणं बंद. यांनी दारातूनच विचारलं, "तुझा कान वाजतो का रं?"

"व्हय. दोन्ही वाजत्यात."

तेव्हापासून यांना चैन पडेना. "आज्याचं त्याला दोन कान आलं, मला एकच," मला म्हणाले. "हितंबी वाटणी बरोबर झाली न्हाय."

डॉक्टरांनी आवाज जाणवू नये म्हणून कानात घालायचं यंत्र दिलं होतं. ते यांनी भावाला नेऊन दिलं. मला वाटलं, माया आली. तर म्हणाले, "त्यानं घातलं की त्याचा हक्क संपला."

भाऊ दुसऱ्या दिवशी यंत्र परत घेऊन आला, आणि मग रोजच येऊ लागला.

परवा मी मोटर आणायला गेलो, तर दोघं पायरीवर डोळे मिटून एकमेकांना आपापला कान गुणगुणून दाखवत होते.

"जरा थांबा," मिस्त्री मला म्हणाले. "सूर एकच निघाला, तर केस मागं घ्यायची ठरलीय."