आमच्या दोघींची बटणं

सोमवारी मोतीबिंदूच्या ऑपरेशननंतर पहिल्यांदा ऑफिसला गेले... आणि टेबलावर नवाकोरा कॉम्प्युटर!

आमगावच्या एका कॉलेजच्या ऑफिसात मी आणि कौशल्याताई एकाच कॉम्प्युटरवर काम करतो. सकाळी त्या, दुपारी मी. इतक्या वर्षांत आमचं भांडण एकच... बटणांवरून.

वर्डमध्ये सेव्ह, प्रिंट अशी नेहमीची बटणं आपल्याला हवी तशी मांडता येतात. मला ती अगदी वर लागतात, डावीकडून, ज्या क्रमाने वापरते त्याच क्रमाने. लहानपणी गोंदियाच्या कॉन्व्हेंटमध्ये सिस्टर डेस्कचं झाकण उचलून बघायच्या... डावीकडे कंपास, मग पट्टी, मग वह्या. ती सवय अजून बोटांत आहे.

कौशल्याताईंना बटणं मेनूच्या खाली हवीत, तीही त्यांच्या क्रमाने. "वर पाहू पाहू मान दुखते जी माझी. काऊन हलवता?" त्या सकाळी हलवायच्या, मी दुपारी परत जागेवर न्यायची...

मी ऑपरेशनसाठी सुट्टीवर जाताना हेडक्लार्क म्हणाले होते, "आल्यावर एक दिवस काम करून पाहा मॅडम. नाहीच जमलं, तर आवक-जावकचं रजिस्टर सांभाळा." बोलले काळजीनेच, पण मला रडू आलं. रिटायर व्हायला थोडेच महिने राहिलेत. खिडकीशी येणाऱ्या मुलांना दाखले टाइप करून द्यायचे, हे काम मला शेवटपर्यंत हवं होतं.

आणि आता हा नवा कॉम्प्युटर. मेनू वेगळे, चित्रं बारीक, माझी बटणं गायब. खिडकीत दोन मुली बोनाफाइडसाठी उभ्या, माझ्या डोळ्यांतून पाणी... मनात म्हटलं, झालं, आवक-जावकच नशिबी.

तेवढ्यात मेनूच्या ओळीत अगदी शेवटी एक शब्द दिसला... 'मॅडम'.

क्लिक केलं. समोर फक्त माझी बटणं! मोठी, सुटसुटीत, माझ्याच क्रमाने. दोन्ही मुलींचे दाखले प्रिंटरमधून बाहेर आले, तेव्हा हेडक्लार्क मागेच उभे होते. "चला, आवक-जावक दुसऱ्या कुणाला देतो," म्हणाले आणि हसत गेले.

सकाळी इथे बसून हे करणार दुसरं कोण? मी लगेच कौशल्याताईंना फोन लावला. माझा क्रम त्यांना कसा ठाऊक, विचारलं.

"रोज सकाळी मलेच तं हलवा लागे तुमचे बटन. पाठ नाई होतीन तं काय?"

त्या दिवशी घरी निघताना मी त्यांच्या बटणांना हातही लावला नाही. खाली होती तशीच ठेवली... म्हटलं, आता भांडण संपलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांचाच फोन. "काऊन जी मॅडम, बटन जागच्या जागी हायेत! तब्येत बरी नाई का?"

दुपारी गेल्यागेल्या पहिलं काम केलं. त्यांचं प्रिंटचं बटण उचलून पार दुसऱ्या टोकाला नेऊन ठेवलं...

माझी खबरबात घेणारं असं कुणीतरी रोज सकाळी माझ्या खुर्चीत बसतं. आणखी काय हवं!