केवड्याचं अत्तर

दहाव्याच्या पिंडाला कावळा शिवेना. एरवी चेन्नईचे कावळे म्हणजे घरोघरचा सकाळचा भात खाऊन शेफारलेले; पण त्या दिवशी बेसंतनगरच्या वाळूत ओळीने बसून राहिले, पिंडाकडे ढुंकून बघेनात. राघोत्तम ऊन डोक्यावर घेत उभा होता. मूळचा मिरजेचा, रेल्वेतल्या कारकुनीसाठी पस्तीस वर्षांपूर्वी इथे आलेला. गेली ती त्याची बायको कुमुदिनी, तंजावरी मराठी घरातली.

"कसली तरी वासना राहिली असणार," गुरुजी म्हणाले. "बोला, वचन द्या."

मुलगा हेरंब पुढे झाला. "आई, बाबांना वेलचेरीला आमच्याकडेच ठेवीन." कावळे ढिम्म.

राहिलेलं काय, ते राघोत्तमला पक्कं ठाऊक होतं. वर्षभर छातीच्या कॅन्सरने कुमुदिनीला पोखरलं. शेवटी जखम चिघळली, खोलीत पाय ठेववेना. हा बाबा रुमालावर केवड्याचं अत्तर शिंपडून तो नाकाशी धरून तिच्याजवळ बसायचा. पडसं झालंय, असं तिला सांगायचा. ते अत्तर तिचं होतं. दर वर्षी लग्नाच्या वाढदिवसाला तो ट्रिप्लिकेनहून कुपी आणायचा, ती कानामागे लावायची, आणि त्या रात्री दोघं नव्याने लग्न झाल्यासारखी वागायची. तिची माफी मागायची होती. पण चारचौघांत जीभ रेटेना.

कुमुदिनीची धाकटी बहीण जयवंती मात्र गोंधळली. तंजावरी मराठीत वासना म्हणजे सुगंध, तमिळमध्ये असतो तसा. याच शब्दाने एकदा मोठी फजिती केली होती. राघोत्तम मुलगी बघायला गेला तेव्हा कॉफी देता देता कुमुदिनी म्हणाली होती, "तुमचेकडे बरी वासना आहे." त्याने केवडा लावला होता. बिचारा कानापर्यंत लाल! अर्थ कळल्यावर सगळं घर पोट धरून हसलं आणि लग्न तिथेच ठरलं.

"वासना?" जयवंतीने पिशवीत हात घातला. "ती मजजवळ आहे की. अक्कानेच मागवली होती." तिने नवी कोरी कुपी काढली. "मी आणेपर्यंत अक्का गेलीच, भावोजी."

"तिला हवी होती?" राघोत्तमने विचारलं.

"तिला नव्हे, तुम्हाला. बोलली, तेंची कुपी संपत आली, नवी आणून गुपचूप उशाला ठेव. वासना नसली तर ते माझ्याजवळ बसायचे नाहीत."

जयवंती हे अगदी भाबडेपणाने बोलली. नवऱ्याचं कौतुक बहिणीने केलं, असंच तिला वाटत होतं. राघोत्तमने कुपीला हात लावला नाही. इतके दिवस आपण बायकोला फसवलं, असं तो समजत होता. आणि ती मरता मरता त्याच्या नाकाची सोय बघत होती. तो पिंडासमोर मटकन बसला.

"किळस यायची गं मला तुझी," तो सगळ्यांदेखत मोठ्याने म्हणाला.

हेरंबने मान फिरवली. गुरुजी थोडा वेळ थांबले. एकही कावळा आला नाही, तेव्हा त्यांनी दर्भाचा कावळा केला आणि पिंडाला लावला.