नवऱ्याचं नाक

माझ्या नवऱ्याने गेलं वर्षभर माझ्या स्वयंपाकाला एकदाही नाव ठेवलं नाही. तो पुण्याचा, मी नागपूरची. मला तेव्हाच संशय यायला हवा होता.

मग एका रविवारी आमटी तळाला लागली. घरभर करपट वास, मी धडाधड खिडक्या उघडतेय, आणि हा भुरका मारून म्हणतो, "मस्त झालीय!"

"अरे, करपलीय ती!"

साहेब हळूच म्हणाले, "खरं सांगू? मला वासच येत नाही. बरेच महिने झाले."

मी गॅस बंद करून त्याच्यासमोर येऊन बसले.

इथे अमेरिकेत, आमच्या श्रूजबरीत, स्प्रिंगमध्ये गाड्यांवर पिवळे परागकण साचले की हा शिंकायला लागतो. ती म्हणे साधी सर्दी. कपाळ ठणकलं तर सायनस. जिना चढताना छातीत शिट्टी वाजली तर वय झालं यार! सॉफ्टवेअरवाला असून तिन्ही बग वेगवेगळे समजून मोकळा. दम्याचा पंप दिलेला होता, पण सवय लागेल म्हणून तो ड्रॉवरमध्ये.

मी त्याला धरून दवाखान्यात नेलं. डॉक्टरीणबाईंनी नाकात दुर्बीण घालून पाहिलं. म्हणाल्या, नाक आणि फुप्फुसं एकाच वाटेवरची. नाकात ॲलर्जीची सूज, सायनसमध्ये तीच, छातीतही तीच. एकीकडे दुर्लक्ष केलं की दुसरीकडे भडकते.

"वास परत येईल ना?" मीच विचारलं.

"पुष्कळांना येतो. खात्री नाही देत."

मग रोज पंप, रोज नाकात स्प्रे, आणि उकळून गार केलेल्या मिठाच्या पाण्याने नाक धुणं. हे शेवटचं त्याने व्हिडिओ कॉलवर बाबांना अमेरिकेचा नवा शोध असल्यासारखं समजावलं. सासरे लहानपणापासून त्याच्या मागे जलनेती कर म्हणून लागलेले. ते नुसतं "हो का?" म्हणाले.

हळूहळू छातीतली शिट्टी थांबली. वास मात्र नाहीच. मी रोज त्याच्या नाकाखाली काहीतरी धरायचे: कॉफी, लसूण, लेकीचे सॉकर खेळून आलेले मोजे. "काही नाही गं," म्हणायचा. मी हसण्यावारी न्यायचे, पण मला फार वाईट वाटायचं. हा माणूस नुसता माझ्याकडे बघून जेवत होता.

परवा मी फोडणी टाकली. वरच्या खोलीतून, मीटिंग म्यूट करून, आवाज आला, "अगं, हिंग किती घातलास!"

मी पळी घेऊन तशीच जिन्याकडे धावले. डोळ्यांतलं पाणी पुसत ओरडले, "पुन्हा म्हण!"