मोडलेल्या वारुळाचा नागोबा

गिरणीतून घरी आले की मी उंबऱ्यावरच बसकण मारायची. आत जाऊन चूल पेटवायची आहे हे ठाऊक असूनही उठवत नसे. दिवसभर रिळावर सूत गुंडाळायचं, तुटलं की गाठ मारायची, जास्तीचं टोक कापायचं, पुन्हा गुंडाळायचं. अंग आंबून जाई आणि बोटं बधिर होत. सोलापुरातल्या आमच्या चाळीत निम्म्या बायका अशाच उंबऱ्यावर बसलेल्या दिसायच्या. कुणी कुणाला 'बरी आहेस का' असं विचारत नसे, कारण उत्तर ऐकायला तरी कुणात त्राण होतं?

श्रावणातल्या एका संध्याकाळी मी अशीच बसले असताना माझा धाकटा भाऊ आला. मंगळवेढ्याकडच्या आमच्या गावाहून तो दर वर्षी नागपंचमीच्या तोंडावर यायचा, सर्व्हिस मोटारीच्या टपावर बसून, आणि फडक्यात शेतातल्या वारुळाची माती आणायचा. त्या मातीचा नागोबा मी करायची. तो कसा करायचा हे मला आईनं शिकवलं होतं, म्हणजे शेजारी बसू दिलं होतं. करताना ती बोलत नसे. फणा वर आला की त्यात अंगठा दाबून खळगा करी, आणि कोळशाचे डोळे अगदी शेवटी. डोळे झाले की तो आपल्याकडं बघतो, मग त्याला हात लावायचा नाही, असं तिचं म्हणणं. 'मुंग्यांनी मळून ठेवलीया माती. आपण निस्तं बोट फिरवायचं,' असं ती म्हणायची. देवळात ती फारशी जात नसे. तिची पूजा म्हणजे हेच, आणि बांधावरच्या वारुळापाशी ठेवलेली लाह्या-दुधाची वाटी.

त्या वर्षी मी फडकं सोडलं तर आत रानातली काळी माती होती.

"ही वारुळाची न्हाय," मी म्हणाले.

"न्हाय," भाऊ म्हणाला. "वारूळ मोडलं म्या."

मग त्यानं सांगितलं. जेठात त्याची थोरली मुलगी शेरडं वळवायला बांधावर गेली आणि तिथंच तिला पान लागलं, नाग चावला. जगली, पण पाय लुळा पडला. ती शुद्धीवर आली त्या दिवशी यानं कुदळ घेऊन वारूळ खणून काढलं आणि सगळी माती ओढ्यात लोटली. आत काहीच सापडलं नाही. तेव्हापासून पोरगी बाजेवरून खाली उतरत नव्हती. कासऱ्याचं टोक दिसलं तरी किंचाळायची. कुणीतरी तिच्या कानावर घातलं होतं, तुझ्या बापानं घर मोडलं, आता तो डूक धरणार.

"आईसारखा नागोबा करून दे, आक्का," भाऊ म्हणाला. "मोडल्या जागंवर ठेवतो. तिला पाठीवर घिऊन जातो आन् तिच्या देखत हात जोडतो. राग गेला असं तिला वाटाय पायजे. पन फुटका नगं. फुटका बघितला तर ती पुना भाईर पडायची न्हाय."

मला राग आला. आईनं जन्मभर सांभाळलेलं वारूळ यानं एका दुपारी खणलं होतं. त्याच्या जागी मीही तेच केलं असतं हे कळत होतं, म्हणून आणखीच राग आला. आणि खरं सांगायचं तर, सगळं जग आपापली दुखणी घेऊन मी गिरणीतून आल्यावरच का येतं, याचाही आला. पण पोरीचं नाव निघाल्यावर नाही कसं म्हणणार?

त्याच संध्याकाळी मी नागोबा केला. आकार छान आला. सकाळी बघते तर फण्यापासून शेपटीपर्यंत उभी भेग. काळ्या मातीचा स्वभावच तो. उन्हाळ्यात आमच्या रानात हात जाईल एवढ्या भेगा पडतात, ती माती माझ्या दारात येऊन काय वेगळं वागणार? भावानं भेगेकडं पाहिलं आणि तोंड धुवायला गेला. मी भोंग्याच्या आवाजाबरोबर गिरणीत पळाले.

तो चतुर्थीचा दिवस, भावासाठी धरायचा उपवास. संध्याकाळी परत आले तेव्हा पोटात काही नव्हतं आणि डोळ्यांपुढं अंधारी येत होती. एरवी मी आधी डोकं झटकून घ्यायची, कारण केसांत, भुवयांत, सगळीकडं गिरणीतला कापूस चिकटलेला असायचा. त्या दिवशी तेवढाही दम नव्हता. तशीच बसले, भेगाळलेला नागोबा मोडून भिजवला आणि तीच माती तिंबायला घेतली.

तिंबता तिंबता एक गोष्ट झाली. थकवा गेला नाही, पण गप्प झाला. बधिर बोटांना मातीतला गारवा लागला आणि वाटलं, दिवसभर हे हात गिरणीचे होते, आता माझे झाले. आई का बोलत नसे ते मला त्या वेळी कळलं. मी देवाचं नावही घेतलं नाही, तरी माझ्या आयुष्यात त्याच्या इतक्या जवळ मी दुसऱ्या कुठल्या वेळी गेले असेन असं वाटत नाही.

फणा उचलताना दिसलं, माती केसाळ झाली होती. मी वाकून तिंबत असताना माझ्या डोक्यातला कापूस तिच्यात पडत राहिला होता. मला रडूच फुटलं. देवाच्या मातीत गिरणीची घाण, आणि दुसरी माती आणायची कुठून?

सासूबाई कोपऱ्यात वाती वळत होत्या. त्यांनी वाकून पाहिलं. "रडतीस कशापायी? देवाला कापसाचं वस्तर घालतोच की आपण. ह्येनं पोटात घातलं," असं म्हणून त्या पुन्हा वातीकडं वळल्या.

पंचमीच्या सकाळी नागोबाला एक चीर नव्हती. कापसानं माती धरून ठेवली होती. दिसायला मात्र आईच्या नागोबासारखा नव्हता. अंग खरबरीत, फणा बोथट. मी कोळशाचे डोळे बसवले आणि हात मागे घेतला. त्या दिवशी बायकांनी काही चिरायचं नाही, कापायचं नाही. गिरणीला त्याचं काय? मी दिवसभर सुताची टोकं कापत राहिले, आणि घरी आले तेव्हा भाऊ नागोबा घेऊन निघून गेला होता.

पुढं काय झालं ते मला भाऊबीजेला माहेरी गेल्यावर कळलं. पंचमीला त्यानं पोरीला पाठीवर नेऊन तिच्या देखत हात जोडले होते, आणि आता ती काठी टेकत अंगणापर्यंत यायची. भाऊ मला बांधावर घेऊन गेला. नागोबा पावसानं कधीच विरघळला होता. त्या जागी ओंजळभर उंचवटा होता आणि त्यावर बोटाएवढी ओल्या मातीची नळकांडी उभी राहिली होती. कापसाच्या वासानं वाळवी आली होती. वारूळ पुन्हा धरत होतं.

"मोडू का ठिवू?" भावानं विचारलं. त्यानं कुदळ आणली नव्हती, एवढं मी पाहिलं.

माझ्या हातून घडलेलं मातीनं आपलं म्हणून घेतलं याचा आनंद होत होता, आणि त्याच आनंदाची भीतीही वाटत होती. तेवढ्यात मागं काठीचा आवाज आला. पोरगी आली होती, पाय ओढत, घरापासून एकटी. आमच्या बरीच मागं ती थांबली.

"आत्ती, त्यो परत चावंल का?"

खोटं बोलायला सुद्धा ताकद लागते. "मला न्हाय ठावं, बाई," मी म्हणाले.

तिनं उंचवट्याकडं पाहिलं, मग बापाकडं पाहिलं. "मोडू नगा," ती म्हणाली. "लांबनं बघू."

ती काठी आडवी टाकून हळूहळू खाली बसली आणि शेजारची जागा हातानं झाडून मला म्हणाली, "तू बी बस की. दमलीस."