काचेच्या गोळ्यातली वीज

दुकानांच्या पाट्यांवर लाल अक्षरं पेटायची ना, त्या काचेच्या नळ्या वळवण्यात फुंकरभाऊंचा जन्म गेला. नळी ज्योतीवर धरायची, मऊ झाली की हळूच फुंकर मारत वाकवायची. म्हणून हे नाव. खरं नाव बायकोलाही आठवून सांगावं लागे. पुढे स्वस्त दिव्यांच्या पट्ट्या निघाल्या आणि भाऊ कारखान्याच्या खोलीत माश्या मारत बसले.

एके सकाळी बायकोने निकाल दिला. "रविवारी माझी धाकटी बहीण शिवणयंत्रं घेऊन येतेय. ही खोली तिला द्यायची."

"आणि डॉक्टरीणबाईंचा गोळा?"

दातांच्या डॉक्टरीणबाईंना दवाखान्यात पोरांचं रडं थांबवायला विजेचा गोळा हवा होता, आत विजेच्या रेघा नाचणारा.

"तो जमला तर खोली तुमची. मी चकार शब्द काढणार नाही."

दुसऱ्या वाक्यावर भाऊंचा काडीचा विश्वास बसला नाही, पण पहिल्यावर बसला.

त्यांनी नारळाएवढा गोळा फुंकला, मधोमध धातूची गोटी बसवली, पंपाने आतली हवा उपसली आणि निऑन-आर्गॉनचं मिश्रण घोटभर सोडलं. गोटीला हजारो व्होल्टची, क्षणाक्षणाला उलटसुलट धावणारी वीज जोडली. बटण दाबलं. गोळाभर नुसतं गुलाबी धुकं! विजेची एक रेघ दिसेल तर शपथ.

"भोपळ्यात बॅटरी ठेवल्यासारखं दिसतंय," बायको म्हणाली. "अहो, गॅस घालतानाही हात आखडता घेतलात की काय?"

भाऊ ताडकन उठले. पाटीच्या नळीत वायू विरळच लागतो. हाताला तेच वळण! विरळ वायूत वीज मैदानात सुटलेल्या पोरांसारखी चौफेर पसरते. दाट वायूत मात्र बाजारातल्या गर्दीसारखं होतं. पुढचा फट काढतो, मागचे त्याच फटीतून घुसतात. वीज अणूंमधले इलेक्ट्रॉन उपटते, तेवढी वाट तापते, सोपी होते, उजळते. तीच ती रेघ.

गोळा अजून पंपालाच जोडलेला होता. बाहेरच्या हवेचा जवळपास तेवढाच दाब होईपर्यंत भाऊंनी सढळ हाताने वायू सोडला. बटण दाबलं, आणि गोटीतून जांभळ्या रेघा सळसळत काचेकडे सुटल्या!

"लाव बोट."

"म्हणजे तुम्ही सुटाल!"

"अगं, मधे काच आहे. तुझ्या अंगात येते ती मुंगीच्या पावलाएवढी. पण तेवढ्या आधारावर वीज तुझ्याकडेच ओढ घेते."

तिने बोट टेकलं. सगळ्यात जाड रेघ वळून तिथेच आली. बोट सरकलं, रेघही सरकली.

"अगंबाई! मी सांगेन तिकडे जातंय. तुमच्यापेक्षा बरं आहे की हे!"

संध्याकाळी डॉक्टरीणबाई दाराशी आल्या, तरी तिचं बोट गोळ्यावर फिरतच होतं. दुसऱ्या हातात फोन. "नाही गं धाकटे, खोली रिकामी नाही. इथे आमचं काम चालतं." मग डॉक्टरीणबाईंकडे वळून म्हणाली, "बसा ना. तपासणी चाललीय अजून."