जाळीचं वाळवण

लातुरात शेडनेट, म्हणजे रोपांवर सावलीला बांधायची जाळी, विणणाऱ्या या माणसाच्या गच्चीवर जाळीचे तुकडे वर्षभर उन्हात पडलेले असतात. त्यांना तो वाळवण म्हणतो. गिऱ्हाईक भाव पाडू लागलं की एक तुकडा हातात देतो, "वढून बघा, मग भांडा." गेल्या वर्षी जाळी घेताना मी तरीही भांडलोच. आधीच्या दुकानदाराची जाळी एका उन्हाळ्यात भुगा झाली, माझी रोपं करपली. तो राग अजून गेलेला नाही.

यंदा मे महिन्यात हा न बोलावता औशाला माझ्या रोपवाटिकेत आला आणि रामराम न करता जाळीला लोंबकळला. जाळी टिकली.

"प्लास्टिकच्या दाण्यातच उन्हाचं औषध घातलंय मालक, ऊन काय करतंय त्येला? आता च्या सांगा."

त्याच्यासाठी राखून ठेवलेल्या शिव्या वाया गेल्या. मी चहा सांगितला.