दाराकडे पाठ करून मांडलेली खुर्ची

फोन आला तेव्हा मी स्लाऊच्या आमच्या किचनमध्ये पोह्यांसाठी कांदा चिरत होते. सोमवारची सकाळ, श्रीकांत ब्रॅकनेलला ऑफिसला निघायच्या घाईत, आणि स्क्रीनवर अनोळखी नंबर. मी जन्माची भित्री. अनोळखी नंबर दिसला की मी आधी देवाचं नाव घेते, मग पलीकडे गॅसवाला का असेना. पलीकडे एक मुलगी होती. रडत होती, पण वाक्यं मात्र पाठ केल्यासारखी नीट पूर्ण करत होती. "तुम्ही वृंदा ना? मी कर्स्टी. वन्सं म्हणाल्या होत्या, कधी काही झालं तर आधी वृंदाला कळव. भावाला नको, तो तसाच गाडी काढून निघेल." शेजारणीनं सकाळी दार वाजवलं, उत्तर आलं नाही. वन्सं हीटरजवळच्या खुर्चीतच होत्या... डॉक्टर म्हणाले, स्ट्रोक, रात्रीच गेल्या. सुरी हातात तशीच, आणि श्रीकांत बाहेरून विचारतोय, "अगं, कोणाचा फोन?"

वन्सं म्हणजे श्रीकांतची थोरली बहीण, प्रमिला. नागपूरला नर्सिंग करून या देशात आल्या, लग्न केलं नाही, इंग्लंडातल्या दोन-तीन हॉस्पिटलांत राबल्या आणि मग एक दिवस नकाशात शोधावं लागेल अशा बेटावर नर्स म्हणून निघून गेल्या. स्कॉटलंडच्याही वर, तेही मोठ्या बेटावरून पुन्हा दुसरी बोट घेऊन. वस्ती एवढी, की शिंक आली तरी चार घरांत कळावी. मी फोनवर त्यांना 'वन्सं' म्हणते हे तिथल्या पोरांनी ऐकलं आणि तेच त्यांचं नाव समजून बसली. त्यांनीही कधी दुरुस्त केलं नाही. "राहू दे गं," म्हणायच्या, "अख्ख्या बेटाची नणंद झाले, काय बिघडलं?" बावीस वर्षं तिथे काढली त्यांनी.

मी त्यांच्याकडे पहिल्यांदा गेले ते खरं तर श्रीकांतच्या आग्रहाखातर. त्या बोटीचं वर्णन करायला नको... समुद्र असा उभा राहायचा की मी डोळे मिटून कुलदेवतेला काय काय बोलून बसले, देव जाणे. वन्सं मला घ्यायला मोठ्या बेटापर्यंत आल्या होत्या. शेजारी शांत बसून आलेपाकाची वडी चघळत होत्या. मी म्हटलं, "अहो वन्सं, तुम्हाला काहीच कसं वाटत नाही?" त्या म्हणाल्या, "बोटीत बडबडू नये, मळमळतं." आणि आलेपाकाचा डबा माझ्यापुढे धरला. तेव्हापासून दर महिन्याला एजवेअरच्या दुकानातून आलेपाक घेऊन पोस्टानं पाठवायचं काम माझ्याकडे आलं. मला वाटायचं, बाईला चटक लागलीय.

तिथली मुलं अकरा-बारा वर्षांची झाली की मोठ्या बेटावरच्या शाळेत जातात. सोमवारी बोटीनं जायचं, हॉस्टेलला राहायचं, शुक्रवारी परत. वारा असेल तर जाणंही नाही, परतणंही नाही. हिवाळ्यात दुपारी साडेतीनला अंधार. वन्संच्या लक्षात यायला लागलं की यातली काही मुलं घरी येतात ती गप्प होऊनच. एका मुलानं तर नको ते करून घेतलं असतं, थोडक्यात वाचला. त्यानंतर वन्सं हात धुऊन मागे लागल्या आणि कौन्सिलकडून एक समुपदेशक बाई मिळवली. महिन्यातून दोनदा बोटीनं येईल, त्यांच्या दवाखान्यात बसेल, मुलांनी येऊन मन मोकळं करावं. वन्संनी दवाखान्याच्या बोर्डावर तारखा लावल्या, घरोघरी सांगितलं. आणि तीन महिने कोणीही आलं नाही. एकही मूल नाही! फोनवर माझ्यावरच डाफरल्या, जणू मीच नाही गेले. "फुकट मिळतंय ना, म्हणून किंमत नाही यांना."

मग एक दिवस ही कर्स्टी, तेव्हा पंधरा वर्षांची, दुकानाच्या दारात त्यांना म्हणाली, "दवाखान्याबाहेर कोणाची सायकल उभी आहे हे समोरच्या सहा घरांतून दिसतं. तारीखही तुम्हीच लावली आहे. कोण येणार? तुम्ही आम्हाला विचारलंच नाही." वन्संचं तोंड एवढंसं झालं. इतकी वर्षं बेटावर काढलेली बाई, आणि एवढी साधी गोष्ट सुचू नये! मला म्हणाल्या, "वृंदा, मी सगळं ठरवून मोकळी झाले गं. पोरांना विचारायचं राहिलंच."

पुढचं सगळं मुलांचंच. शनिवारी दुपारी गावच्या हॉलमध्ये बॅडमिंटन असतं. सगळीच येतात, बाहेर सायकलींचा ढीग. त्याच हॉलच्या मागे एक छोटी खोली आहे. समुपदेशक बाईंनी आता दर शनिवारी तिथे बसावं. कोण खेळायला आलं, कोण बोलायला, कोणाला कळणार? एकच अट मुलांनी घातली. नियमानं हॉलमध्ये हजर राहावं लागणारं मोठं माणूस कोणाचं आई-मावशी-काका नसावं. त्या बेटावर असं माणूस एकच होतं. वन्संनी आपली खुर्ची त्या खोलीच्या दाराकडे पाठ करून मांडली. खोलीत कोण जातं, कोण किती वेळ बसतं, हे बघायचंच नाही. मान वळवायची नाही, म्हणजे नाही.

कौन्सिलपुढे जाऊन हे मागायचं होतं. एक बोलका, धीट मुलगा होता, सगळे त्याच्याकडे बघायला लागले. वन्सं म्हणाल्या, नाही. त्यांच्याकडे एक रीत होती. कुठलंही काम निघालं की सगळ्यांनी गोल बसून आपापली भीती बोलून दाखवायची, आणि ज्याची सगळ्यात जास्त तंतरली असेल त्यानंच ते काम करायचं. "धीट माणूस छान बोलतो आणि घरी जातो," म्हणायच्या. "घाबरलेला माणूस तयारी करून जातो." काम कर्स्टीच्या गळ्यात पडलं. ती वर्गात हजेरीलाही नीट आवाज काढायची नाही. मी तिकडे नव्हते, पण वन्संनी तीनदा सांगितलंय... पोरगी उभी राहिली, कागद उलटा धरलेला, तो सरळ केला. मग म्हणाली, "मी आत्ता जेवढी घाबरले आहे, तेवढी आमच्यातली काही मुलं रोज असतात." पुढचं तिला वाचावंच लागलं नाही. वर्षभर करून बघू, लोक येतात का ते पाहून ठरवू, असं कौन्सिलनं कबूल केलं.

त्या वर्षाचे सात महिने झाले आणि वन्सं गेल्या.

आम्ही निघालो, पण बंदरावर दोन दिवस अडकलो. वादळामुळे बोटी रद्द. श्रीकांत एकदाही रडला नाही, नुसता काचेतून समुद्राकडे बघत उभा. सांगायला लाज वाटते, पण मला बोट सुटूच नये असं वाटत होतं. सुटली. जीव मुठीत धरून गेले. अंत्यविधी झाल्यावर कर्स्टीनं आलेपाकाचा अर्धा डबा माझ्या हातात दिला. म्हणाली, "वन्संची भीती माहीत आहे ना तुम्हाला? गोल बसायचो तेव्हा दरवेळी तेच सांगायच्या. बोट. बावीस वर्षं, प्रत्येक वेळी. दात वाजलेले ऐकू येऊ नयेत म्हणून तोंडात हे ठेवायच्या." अहो, वन्सं! मला एका शब्दानं सांगितलं असतंत तर... मी तिथेच हॉलच्या पायरीवर बसून हमसून हमसून रडले.

दुसऱ्या दिवशी मुलांनी मला आणि श्रीकांतला हॉलमध्ये बोलावलं. मोठं माणूस नसेल तर शनिवार बंद. शनिवार बंद तर खोली बंद. बेटावरचा प्रत्येक मोठा माणूस कोणाचा ना कोणाचा नातेवाईक. गोल बसलो. कर्स्टीनं विचारलं, "सगळ्यात जास्त कोण घाबरलंय?" सगळे माझ्याकडे बघायला लागले. श्रीकांतसुद्धा. मी म्हटलं, "छे छे, मला नाही जमायचं. मला वाऱ्याची भीती, बोटीची भीती, तुमच्या इंग्रजीची भीती. त्या खोलीत बसलेल्या पोराचं काही बरंवाईट झालं तर? मी कोण?" बोलून झाल्यावर कळलं की मी आपणहून सापळ्यात पाय दिला. रीतच तशी होती ना! स्लाऊची वेअरहाऊसची नोकरी सोडून मला वर्ष झालं होतं, तोही बहाणा उरला नव्हता. मुलांमध्ये राहायचं म्हणून पोलीस तपासणीचे कागद भरले, श्रीकांत ब्रॅकनेलला परतला आणि मी वन्संच्या घरी राहिले.

पहिल्या शनिवारी समुपदेशक बाई खोलीत जाऊन बसल्या. मी खुर्चीत. बॅडमिंटनची फुलं इकडून तिकडे उडताहेत, बूट करकरताहेत, पण मागचं दार वाजलं नाही. दुसऱ्या शनिवारीही नाही. बाई जाताना मला म्हणाल्या, "रिकामी खोली किती दिवस ठेवतील, सांगता येत नाही." तिसऱ्या शनिवारी मी घरून निघतानाच रडवेली होते. माझ्यामुळेच येत नसतील. वन्संवर विश्वास होता, ही कोण परकी बाई... आणि यांच्यातलं जे सगळ्यात जास्त घाबरलेलं आहे, ते आता कुठे जात असेल? मुलं खेळत असताना मी एकेकाचा चेहरा चोरून निरखायची. कोण हसत नाहीये, कोणाची नजर जमिनीवर आहे. कर्स्टीनं ते पाहिलं. पाण्याची बाटली भरायच्या निमित्तानं जवळ येऊन हळूच म्हणाली, "वन्सं आमच्याकडे असं बघायच्या नाहीत." तेवढंच बोलली आणि खेळायला गेली.

काल चौथा शनिवार. वाऱ्यानं हॉलचं छप्पर धडधडत होतं, बोट येईल की नाही तेच कळत नव्हतं, आली. मी आलेपाकाची वडी तोंडात टाकली, नजर शटलकॉकच्या फुलावर ठेवली आणि मुकाट्यानं गुण मोजायला लागले. सात-चार. आठ-चार. माझ्या पाठीमागे कोणाच्या तरी बुटांचा आवाज आला, थांबला, पुन्हा आला. माझी मान अशी ताठ झाली होती की दुखायला लागली. वळून बघावंसं वाटत होतं हो, आईशप्पथ, जीव तुटत होता, कोण आहे ते, कोणाचं लेकरू आहे ते... दार उघडलं. दार लागलं. मी म्हटलं, नऊ-चार.